‘कळत नाही’ हा निकाल नव्हे

१९ डिसेंबर २०१३ रोजी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ‘ख्रिस्तीज’चा भारतातला पहिला लिलाव झाला. त्यात वासुदेव गायतोंडे यांचं १९७९ सालचं, शीर्षक नसलेलं एक तैलचित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेलं. त्या आकड्याची बातमी झाली आणि चित्रकारांच्या वर्तुळाबाहेर फारसं कुणी घेत नसे ते नाव मुलुंड-बोरिवलीच्या घराघरांत पोचलं. पोचलं ते मात्र आरोपी म्हणून. तेव्हापासून वाचनकट्ट्यांवर, ज्येष्ठ नागरिक संघांत, शाळांच्या शिक्षकखोल्यांत मी हे आरोपपत्र ऐकत आलो आहे. त्याची कलमं ठरलेली आहेत. यात काही कळत नाही, म्हणजे यात काही नाही. असं तर आमची नातही काढेल. हे पाश्चात्त्यांकडून उसनं आणलेलं आहे, आपल्या मातीतलं नाही. आणि हा पैसेवाल्यांचा आपापसांतला खेळ आहे, तुमच्याआमच्याशी त्याचा संबंध नाही.

हे म्हणणारी माणसं अडाणी असती तर मी हा लेख लिहिला नसता. ही माणसं वाचतात, नाटकाचा प्रयोग चुकवत नाहीत, मुलांना चित्रकलेच्या ग्रेडच्या परीक्षांना बसवतात, दिवाळी अंक विकत घेतात. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघासारखी संस्था १९२३ पासून ज्या समाजाने चालवली, मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघात ज्यांचा राबता असतो, तो हा समाज. साहित्यात आणि संगीतात तो चोखंदळ आहे. चित्रासमोर आला की मात्र तो एका वाक्यात सुनावणी संपवतो आणि त्या वाक्याचा त्याला अभिमानही वाटतो. माझं म्हणणं असं की या आरोपांतला एकही पुराव्यापुढे टिकत नाही. आणि हे आरोप करताना नुकसान गायतोंड्यांचं होत नाही, आपलं होतं. जे आपल्याच शहरात, आपल्याच भाषेच्या माणसाने उभं केलं, त्यावरचा हक्क आपण आपल्या हाताने सोडून देतो.

पहिलं कलम घेऊ. ‘कळत नाही’ असं म्हणणाऱ्याला मी आधी एक साधा प्रश्न विचारतो: चित्र पाहिलं कुठे? बहुतेक वेळा उत्तर येतं, पेपरात किंवा मोबाइलवर. म्हणजे चित्र पाहिलेलंच नाही. हे मी वाद टाळण्यासाठी म्हणत नाही, कारण इथे मुद्दा रंगाच्या कामाचा आहे. गायतोंडे साठच्या दशकापासून ज्या पद्धतीने काम करत होते त्यात रंग रोलरने पसरला जाई, सुरीने खरवडला जाई, त्यावर पुन्हा पातळ थर येई. फाडलेल्या कागदाचे तुकडे ओल्या रंगावर ठेवून उचलले की त्यांचा ठसा मागे राही, आणि तोही पुढच्या थराखाली अर्धा बुडे. तेलरंगाचा पातळ थर पारदर्शक असतो. खोलीतला उजेड त्या थरातून आत शिरतो, खालच्या थरावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो. म्हणून त्यांच्या चित्रासमोर उभं राहिलं की उजेड कॅनव्हासच्या आतून येतोय असं वाटतं. हा भास कुणा समीक्षकाने रचलेला नाही, तो थरांच्या रचनेतून येतो. मोबाइलच्या पडद्यावर यातलं काहीही उरत नाही. तिथे प्रत्येक ठिपक्याला एकच रंग असतो, त्याच्या खाली काही नसतं. माणसाच्या छातीएवढा कॅनव्हास तळहाताएवढा झाला, त्याची खोली गेली, पोत गेला, आणि जो पिवळट डाग उरला त्यावर आपण शिक्का मारला. ज्या रसिकाने भीमसेन जोशी फक्त मोबाइलच्या रिंगटोनवर ऐकले असतील त्याचं त्यांच्या गायकीवरचं मत आपण किती गांभीर्याने घेऊ?

आता समजा चित्र प्रत्यक्ष पाहिलं, तरीही ‘काय आहे ते कळलं नाही’. इथे ‘कळणं’ म्हणजे काय अपेक्षित आहे? घर, झाड, बाई, बैल असं काहीतरी ओळखू येणं. ओळख पटली की बघणं संपलं, असा आपला हिशेब. खरं पाहता वस्तू ओळखू येणारं चित्रही आपण याच घाईमुळे बघत नाही. सावळाराम हळदणकरांचं समईवाल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र घ्या. दिव्यावर आडवा धरलेला तिचा हात, बोटांच्या फटींतून झिरपणारा तांबूस उजेड, चेहऱ्यावर पडलेली त्याची झळाळी. ‘बाई समई घेऊन उभी आहे’ एवढं ओळखून जो पुढे सरकला त्याने ते चित्र पाहिलं असं हळदणकरही म्हणाले नसते. त्या चित्राचा जीव उजेडाच्या वागण्यात आहे. गायतोंड्यांनी बाई आणि समई बाजूला ठेवली आणि उजेडाचं वागणं तेवढं ठेवलं. हे समजायला कुठलीही पदवी लागत नाही. समोर थांबावं लागतं.

थांबलं की काय घडतं, तेही सांगतो, कारण अमूर्त चित्राची बाजू घेणारे बरेचदा इथे धूसर बोलतात आणि ऐकणाऱ्याचा संशय वाढवतात. गायतोंड्यांच्या सत्तरच्या दशकातल्या उभ्या कॅनव्हासांपैकी एखाद्यासमोर गेलं की आधी एकच रंग दिसतो: करडा, गेरूसारखा किंवा गर्द हिरवा. मिनिटभरात डोळा सरावतो. मग त्या एका रंगाचे वेगवेगळे भाग दिसू लागतात. एक पुढे येतो, एक मागे जातो, एके ठिकाणी थर इतका पातळ असतो की खालचं काहीतरी वर येऊ बघतं. कुठल्या तरी लिपीच्या खुणांसारखे आकार दिसतात, पण ते अक्षर होत नाहीत. नजर वरून खाली उतरते, एका आडव्या पट्ट्याशी अडते, पुन्हा वर जाते. या हालचालीला चित्रकाराने वाट करून दिलेली असते, ती आपोआप होत नाही. आपण जे करतो त्याला बघणं म्हणतात, आणि ते ज्या चित्रापुढे दहा मिनिटं करता येतं त्यात ‘काही नाही’ असं कसं म्हणता येईल?

इथे संगीताचा दाखला दिल्यावाचून राहवत नाही, कारण उपनगरी रसिकाचा स्वतःशीच असलेला विसंवाद तिथे उघडा पडतो. तराण्यातले ‘दिर दिर तनन’ हे बोल ऐकताना श्रोता अर्थ विचारत नाही. आलापात अर्धा तास शब्द येत नाही, तरी कुणी उठून जात नाही. उलट गायकाने घाईने बंदिशीवर उडी मारली तर मागच्या रांगेतले जाणकार नापसंतीने मान हलवतात. म्हणजे वस्तूचं नाव नसतानाही आशय असतो, हे या समाजाला पक्कं ठाऊक आहे. फक्त ते ज्ञान तो कानांपुरतं ठेवतो. संगीतात आपल्याला हे वळण मिळालं कारण पिढ्यान्‌पिढ्या बैठकी झाल्या, मंडळं चालली, रेडिओ लागला. डोळ्यांना तेवढा सराव मिळालेला नाही. या उणिवेचा दोष चित्रावर टाकणं न्यायाचं नाही.

दुसरं कलम नातीचं. मी चित्रकलेचा शिक्षक आहे, त्यामुळे लहान मुलांचं काम हलक्याने घेणाऱ्यांपैकी मी नाही. सहा वर्षांच्या मुलीच्या रेषेत जो धीटपणा असतो तो पुष्कळ मोठ्यांना जमत नाही. पण ती मुलगी एक चित्र दहा मिनिटांत करते, तिला पुढचं काय करायचं ते ठाऊक नसतं आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. गायतोंडे ज्या रिकाम्या दिसणाऱ्या कॅनव्हासापर्यंत पोचले, तिथवरची वाट बघा. १९२४ साली नागपुरात गोव्याच्या कुटुंबात जन्म, गिरगावातलं लहानपण, १९४८ मध्ये सर ज. जी. कला विद्यालयाची पदविका. सुरुवातीच्या चित्रांत माणसं आहेत, भारतीय लघुचित्रांची सपाट रंगयोजना आहे, ठसठशीत रेषा आहे. मग युरोपीय चित्रकार पॉल क्लेचा अभ्यास. मग आकृत्या विरळ होत जातात. १९५७ साली टोकियोत तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पारितोषिक मिळालं तेव्हा ते तेहतिशीच्या आत होते. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. त्यांचं १९६२ चं एक चित्र तिथल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. १९७१ मध्ये पद्मश्री, १९७२ मध्ये मुंबई सोडून दिल्ली. वर्षाला त्यांच्या हातून मोजकीच चित्रं पुरी होत. ज्याला माणूस काढता येत होता त्याने माणूस काढणं सोडलं, हा निर्णय आहे. ज्याला काढताच येत नाही त्याच्या असमर्थतेशी त्याची गल्लत करू नये.

आणि ‘आमची नातही काढेल’ म्हणणाऱ्या आजोबांना मी त्याच नातीची ग्रेड परीक्षेची तयारी बघायला सांगेन. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा कला संचालनालय घेतं आणि उपनगरांतल्या शाळांतून दरवर्षी मुलांच्या झुंडी त्यांना बसतात, कारण इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यात वस्तुचित्र असतं, स्मरणचित्र असतं, तसंच संकल्पचित्र असतं. दिलेल्या चौकटीत आकार बसवायचे, तोल साधायचा, एखादा आकार पुन्हा पुन्हा आणून लय निर्माण करायची, मोजक्या रंगछटांत सगळं पुरं करायचं. तिथे ‘हे कशाचं चित्र आहे?’ असा प्रश्न परीक्षक विचारत नाही. आकार आकाराशी कसा वागला, मोकळी जागा कामाला आली की वाया गेली, हे बघून तो गुण देतो. म्हणजे वस्तूविना रचनेचं मूल्यमापन होऊ शकतं हे महाराष्ट्रातल्या लाखो घरांनी मान्य केलेलं आहे, त्याची गुणपत्रिकाही कपाटात जपून ठेवलेली आहे. पेपर संपला की ते शिक्षण आपण वर्गातच ठेवून येतो, ही आपली चूक आहे, चित्रकाराची नाही.

तिसरं कलम मला सर्वांत जास्त खटकतं: हे पाश्चात्त्य आहे, आपलं नाही. मग ‘आपलं’ ते कोणतं? बहुतेकांच्या मनात जे चित्र येतं ते देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीचं: गोल चेहरा, नऊवारी, छायाप्रकाशाने उठाव आणलेले हात, मागे तळं आणि कमळं. त्या चित्राची वंशावळ घाटकोपरहून जाते. राजा रविवर्मांचा शिळाछापखाना १८९४ साली सुरू झाला तो मुंबईत, घाटकोपरला. १८९९ मध्ये तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलवला गेला. यंत्रं जर्मन, तंत्रज्ञ जर्मन, आणि पुढे तो छापखाना विकतही घेतला एका जर्मन तंत्रज्ञानेच. रविवर्मांची तैलरंगाची पद्धत युरोपीय, यथार्थदर्शन युरोपीय, अंगाला गोलाई देणारा छायाप्रकाश युरोपीय. त्या तंत्रात त्यांनी आपल्या देवदेवता बसवल्या, हजारो प्रती छापल्या, आणि तीन-चार पिढ्यांत ते ‘परंपरेतलं’ झालं. रविवर्मांचं मोठेपण मी मानतो, त्यांनी घराघरात चित्र नेलं. पण देवाचा मांसल, हुबेहूब चेहरा हीच भारतीय दृष्टी, असं म्हणणारा माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी घाटकोपरला बोटीने आलेल्या यंत्राला सनातन परंपरा समजतो आहे. बाहेरून आलेलं तंत्र आपलं होऊ शकतं, याचा याहून चांगला पुरावा नाही. तो न्याय रविवर्मांना लावायचा आणि गायतोंड्यांना नाकारायचा, हे कोणत्या तर्कात बसतं?

आणि चेहऱ्याशिवायचं बघणं आपल्याकडे नव्हतं, हेही खरं नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून वर कान्हेरीला जा. शंभराहून अधिक लेण्यांच्या त्या डोंगरात तिसऱ्या क्रमांकाचं लेणं सातवाहन काळातला चैत्य आहे. खांबांच्या दोन रांगा, आणि टोकाला स्तूप: एक गुळगुळीत, गोल, दगडी घुमट. त्याला डोळे नाहीत, हात नाहीत. त्याच लेण्याच्या ओसरीत दोन बाजूंना भल्यामोठ्या उभ्या बुद्धमूर्ती आहेत, पण त्या काही शतकांनी नंतर कोरलेल्या. म्हणजे मूर्ती येण्याआधी तिथे माणसं बसली, त्या गोल आकारासमोर बसली, आणि मूर्ती आल्यावरही स्तूप तिथेच राहिला. गावाच्या वेशीवरचा शेंदूर फासलेला तांदळा घ्या. त्या दगडाला चेहरा कोरायला आपल्याकडे पाथरवट नव्हते काय? होते. तरी तो कोरला नाही, कारण शेंदराचा तो रंग आणि तो ओबडधोबड आकारच पुरेसा होता. आजही अंधेरी-जोगेश्वरीच्या गल्ल्यांत, रिक्षास्टँडच्या शेजारी, पिंपळाच्या बुंध्याशी असे दगड आहेत आणि ऑफिसला निघालेला माणूस त्यांच्यापुढे क्षणभर थांबतो.

इथे मी अतिरेक करणार नाही. स्तूप आणि तांदळा ही अमूर्त चित्रं नव्हेत. त्यांच्यामागे श्रद्धा आहे, ठरलेला अर्थ आहे, विधी आहे. गायतोंड्यांच्या कॅनव्हासामागे असा ठरलेला अर्थ नाही. या उदाहरणांनी एवढंच सिद्ध होतं की आपल्या डोळ्याला स्थिरावायला चेहराच लागतो असं नाही, कधीच लागत नव्हता. आणि तेवढं सिद्ध झालं तरी ‘आपल्या मातीत नाही’ हा आरोप कोसळतो.

राहता राहिला पाश्चात्त्य प्रभावाचा इतिहास, तर तोही लपवण्यासारखा नाही. १९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्यात जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेच्या चित्रकारांचं प्रदर्शन भरलं, त्यात कांडिन्स्की आणि क्ले यांची कामं होती. १९४७ साली मुंबईत प्रॉग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला: सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे. गायतोंडे नंतर त्यात आले. यांतले हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगावचे. रझांनी नागपुरात शिक्षण घेतलं. ‘ग्रुप १८९०’ या चित्रकारगटातले आंबादास अकोल्याचे, ते पुढे ऑस्लोला स्थायिक झाले. या यादीकडे बघा आणि मला सांगा, ही परक्यांची यादी आहे का? विदर्भ, गोवा, गिरगाव अशा ठिकाणांहून आलेल्या माणसांनी जगात चाललेलं संभाषण ऐकलं आणि त्यात आपलं वाक्य जोडलं. गायतोंडे निसर्गदत्त महाराजांच्या खेतवाडीतल्या निरूपणाला जात. झेनचं वाचन करत. क्लेकडून घेतलेलं, चिनी-जपानी परंपरेतून घेतलेलं आणि खेतवाडीच्या माळ्यावर मराठीतून ऐकलेलं, हे सगळं त्यांच्या कॅनव्हासात उतरलं. ते परदेशी ठरवायचं तर खेतवाडीही परदेशात न्यावी लागेल.

चौथं कलम पैशाचं. हे सर्वांत टाळ्या घेणारं कलम आहे आणि यात खऱ्याचा एक अंश आहे, म्हणून जरा थांबून बोलतो. २३ कोटी ७० लाख हा आकडा चित्राबद्दल काही सांगत नाही. तो विकत घेणाऱ्याबद्दल, त्या वर्षीच्या बाजाराबद्दल सांगतो. ‘एवढे मिळाले म्हणजे थोर असणार’ म्हणणारा जितका चुकतो तितकाच ‘एवढे मिळाले म्हणजे फसवणूक असणार’ म्हणणाराही चुकतो. दोघंही किमतीचं लेबल वाचत आहेत, चित्र वाचत नाहीत. गायतोंडे २००१ च्या ऑगस्टमध्ये गेले. लिलाव झाला तो बारा वर्षांनी. त्यांनी दिल्लीतल्या निजामुद्दीनच्या छोट्या जागेत एकट्याने बरीच वर्षं काढली, प्रसिद्धीपासून लांब राहिले, १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षं मोठा कॅनव्हास हाताळू शकले नाहीत. ज्या माणसाने बाजाराला वर्षभरात मोजक्या चित्रांपेक्षा जास्त दिलं नाही त्याच्यावर बाजाराच्या खेळाचा आरोप ठेवणं हा अन्याय आहे, आणि तो आपण फार सहजपणे करतो.

खऱ्याचा अंश कुठे आहे? तो अंतरात आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांच्या वर होती, मुंबई शहर जिल्ह्याची ३१ लाखांच्या आत. म्हणजे चारातले तीन मुंबईकर उपनगरात राहतात. आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तिथलं जहांगीर निकल्सन कलादालन, जहांगीर आर्ट गॅलरी हे सगळं काळा घोड्याच्या आसपास, चालत जाण्याच्या अंतरात. अंधेरीच्या विमानतळावर २०१४ पासून ‘जय हे’ हा कलेचा मोठा प्रकल्प आहे, हजारो वस्तूंचा, पण तो प्रामुख्याने विमानाचं तिकीट असलेल्यांसाठी. बोरिवलीच्या मुलाने आधुनिक चित्र प्रत्यक्ष बघायचं तर तासाभराची लोकल पकडून चर्चगेटला उतरायचं. तिथे पोचल्यावर गायतोंड्यांचं चित्र भिंतीवर असेलच याची खात्री नाही, कारण संग्रहातलं सगळं एका वेळी मांडलं जात नाही. ही तक्रार रास्त आहे. मी ती करतो.

पण तक्रारीतून निष्कर्ष कोणता काढायचा, इथे आमची वाट वेगळी होते. माझे मित्र म्हणतात: ते तिकडचं, आपलं नाही, सोडून द्या. मी म्हणतो: ते सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक संग्रहात ठेवलेलं आहे, म्हणजे ते माझंही आहे, आणि ते माझ्यापर्यंत पोचत नसेल तर ते पोचवा असं मी म्हणेन. बोरिवलीत प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आहे, मुलुंडला कालिदास आहे, पार्ल्याला दीनानाथ आहे. ही नाट्यगृहं कुणी दयेने दिली नाहीत. उपनगरी माणसाने ‘आम्हालाही चांगलं नाटक घराजवळ हवं’ असा आग्रह धरला, म्हणून ती आली. ‘नाटक ही दक्षिण मुंबईवाल्यांची चैन आहे’ असं म्हणून तो गप्प बसला असता तर आज गिरगाव-दादरच्या पलीकडे पडदा वर गेला नसता. चित्राच्या बाबतीत आपण नेमकं ते गप्प बसणं निवडलं आहे, आणि त्याला बाणेदारपणा समजतो आहोत.

शेवटचा मुद्दा आरोपपत्रात नसतो, पण समजदार माणूस तो खासगीत काढतो, आणि तोच खरा कस लावणारा आहे. तो म्हणतो: ठीक, गायतोंडे मोठे. पण अमूर्तात चांगलं-वाईट ठरवायचं कसं? हुबेहूब चित्रात निदान नाक चुकलं तर दिसतं. इथे कुणीही काहीही फासावं आणि वर तत्त्वज्ञान सांगावं. ही भीती खरी आहे. वाईट अमूर्त चित्रं ढिगाने आहेत. हॉटेलांच्या लॉबीत, नव्या टॉवरच्या प्रवेशदालनात, सोफ्याच्या रंगाला जुळवून टांगलेली ती आपण रोज बघतो. पण मग त्यांना ‘वाईट’ आपण कशाच्या आधारावर म्हणतो? काही तरी मोजमाप मनात असल्याशिवाय तो शब्द येत नाही. ते मोजमाप मांडता येतं. चित्राचा एक कोपरा हाताने झाका. बाकीच्याचं काहीच बिघडलं नाही तर तो कोपरा रिकामटेकडा होता. कडांकडे बघा: रंग कडेपर्यंत जाणीवपूर्वक गेला आहे, की मध्ये सगळा जीव ओतून कडा कशाबशा भरल्या आहेत? थर एकमेकांशी बोलतात, की नुसते एकावर एक साचलेत? आणि सर्वांत कठोर परीक्षा काळाची: दुसऱ्या, तिसऱ्या भेटीत चित्र आणखी काही देतं, की पहिल्याच नजरेत संपतं? लॉबीतलं चित्र पहिल्या नजरेसाठीच केलेलं असतं. गायतोंड्यांचं चित्र पहिल्या नजरेत जवळजवळ काहीच देत नाही. ज्याला लगेच बक्षीस हवं त्याला ते रिकामं वाटतं, यात नवल नाही.

आणि ही मोजमापं इंग्रजी पुस्तकांतच सापडतात, असंही समजू नका. अलिबागजवळच्या नागावचे चित्रकार प्रभाकर बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’ मराठीत लिहिलं. ते १९९० साली आलं. कॅनव्हाससमोर चित्रकाराच्या मनात काय चालतं हे इतक्या नितळ गद्यात सांगणारी पुस्तकं कोणत्याही भाषेत थोडीच असतील. सर ज. जी. कला विद्यालयात दोन दशकं शिकवणारे, स्वतः अमूर्त चित्रं काढणारे प्रभाकर कोलते यांचं ‘कलेपासून कलेकडे’ मराठीत आहे. ‘चिन्ह’ या कलाविषयक प्रकाशनाने गायतोंड्यांवर अख्खा ग्रंथ मराठीत काढला. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइमने २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्याचं कौतुक आपल्या पेपरांत वाचलं. पण ज्या भाषेत गायतोंडे घरी बोलले असतील त्या भाषेतली ही पुस्तकं आपल्या सोसायटीतल्या किती घरांत आहेत? चित्रकार आपल्याशी बोलत नाहीत ही तक्रार करण्याआधी त्यांनी मराठीत लिहिलेलं वाचायला हवं.

म्हणून माझ्या मागण्या अगदी ठोस आहेत. शाळांनी इंटरमिजिएटच्या वर्गाला वर्षातून एकदा काळा घोड्याला न्यावं, आणि तिथे एका चित्रासमोर बसवून ठेवावं, रांगेने फिरवू नये. महापालिकेच्या नाट्यगृहांत एक भिंत, योग्य प्रकाश आणि सुरक्षिततेसह, सार्वजनिक संग्रहांतल्या मूळ चित्रांच्या फिरत्या प्रदर्शनासाठी राखावी. उपनगरांतल्या ज्या संस्था वर्षानुवर्षं संगीताच्या बैठकी भरवतात त्यांनी चित्र बघण्याच्या बैठकीही भरवाव्यात, जिथे अर्धा तास एकच चित्र बघायचं आणि मग बोलायचं. यातलं काहीही अशक्य नाही, यासाठी २३ कोटी लागत नाहीत.

आणि हे सगळं झाल्यावर, मूळ चित्रासमोर शांतपणे वेळ काढल्यावर, एखाद्याला गायतोंडे आवडले नाहीत, तर? न आवडोत. बरवे आवडतील, गाडे आवडतील, किंवा सगळं बघून तो हळदणकरांकडे परत जाईल आणि त्यांच्या उजेडात पूर्वी न दिसलेलं काही पाहील. ‘मी थांबलो, बघितलं, आणि मला हे कमी वाटलं, कारण अमुक’ एवढं कुणी म्हणाला तर त्याच्याशी मी रात्रभर वाद घालायला तयार आहे, आणि हरायलाही. ती नापसंती अभ्यासाची असेल, तिला चित्रकलेच्या इतिहासात जागा असेल. न बघता दिलेल्या निकालाला ती जागा नाही, आणि आपल्यासारख्या वाचत्या, ऐकत्या समाजाने तो निकाल मागे घेतला पाहिजे.